ओढ की धाक

पनवेलच्या तळ्याकाठी संध्याकाळी चालायला येणारी मंडळी बाईंना लांबून पाहिलं की वाट बदलायची. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला एकदा मीसुद्धा बदलली होती. बाई तशा कुणाच्या अध्यात ना मध्यात. गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या नाहीत, देवळाचं पावतीपुस्तक पुढे करायच्या नाहीत. त्या फक्त विचारायच्या. तुम्ही नवे बूट घालून झपझप चालताय, घाम आलाय, आणि समोरून साठीची, काटकुळी, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधलेली बाई येते आणि नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून म्हणते, "चालताय, छान. पण ओढीनं की धाकानं?"

आता माणूस काय सांगणार? डॉक्टरने साखर वाढलीय म्हणून दटावलं असेल, तर तो धाक. तळ्यावरचा वारा आवडत असेल, तर ती ओढ. बहुतेक जण कसनुसं हसून "दोन्ही, दोन्ही" म्हणत सटकायचे. बाई वळून मागून ओरडायच्या, "दोन्ही असतंच हो! जास्ती काय?"

बाईंचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला काय हवंय हे कुणीही विचारतं. शेजारीण विचारते, बँकवालाही विचारतो. ते का हवंय, हे कुणी मोजत नाही. दोन मुलं सारखाच अभ्यास करतात, दोघांना सारखेच मार्क पडतात. पण एकाला गणित सुटलं की मजा वाटते म्हणून तो बसलेला असतो, आणि दुसरा बापाचा चेहरा आठवून बसलेला असतो. निकालात फरक दिसत नाही. पुढे दिसतो. पहिला म्हातारपणीही कोडी सोडवत बसतो आणि दुसऱ्याला कंपासपेटी पाहिली तरी मळमळतं.

एका लग्नात तर कहर झाला. कॉलेजातल्या सहकाऱ्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. बाई रांगेतून स्टेजवर गेल्या, पाकीट दिलं आणि नवऱ्यामुलाचा हात हातात धरून अगदी मायेनं विचारलं, "हे लग्न ओढीनं की धाकानं?" नेमका तेव्हाच फोटो निघाला. त्या अल्बममध्ये नवरामुलगा तोंड उघडं टाकून उभा आहे आणि त्याचे वडील त्याच्याकडे संशयाने बघतायत. मुलीच्या आईने बाईंशी बोलणं टाकलं. बाईंना त्याचं काही नाही. "मी मुलीलाही विचारणार होते गं," त्या मला म्हणाल्या, "पण फोटोवाल्यानं घाई केली."

बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. मी पुण्यात असते. अजूनही घाट उतरून पनवेल जवळ आलं आणि तळोज्याच्या कारखान्यांचा तो औषधासारखा उग्र वास गाडीत शिरला, की बाकीचे काचा वर करतात आणि मी माझी खाली करते. वाटतं, उतरावं, रिक्षा करावी, गिरणीवरच्या बाईंच्या खोल्यांचा जिना चढावा. वर कुणी नाही हे माहीत असूनसुद्धा वाटतं.

निवृत्त झाल्यावर बाईंनी जुन्या पनवेलात एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या घेऊन केंद्र काढलं होतं. जगात कुणीही मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी गिरणीवरची जागा घेणार नाही. गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप चालायला लागायच्या. मिरचीच्या दिवशी तर आम्ही बंदच ठेवायचो. गिरणीवाले चाचा जिन्याखालून हाक द्यायचे, "मॅडम, आज मिरची है! आज किसी का इम्तिहान मत लो!" एकदा बाईंनी ऐकलं नाही, तर बारावीची मुलगी डोळे पुसत पुसत उत्तरं लिहीत राहिली आणि तिच्या आईला वाटलं, चाचणीत काहीतरी हृदयाला भिडणारं असणार.

बाहेर पाटी होती, "प्रेरणा-मापन केंद्र". लोक त्यातलं पहिलंच काय ते वाचायचे. "मॅडम, दहावीचं वर्ष आहे, याला जरा प्रेरणा द्या की." बाई शांतपणे सांगायच्या, "आम्ही देत नाही. असलेली मोजतो." पालक नाराज व्हायचे. भाषण नाही, टाळ्या नाहीत, भिंतीवर डोंगर चढणाऱ्या माणसाचा फोटोसुद्धा नाही, हे कसलं केंद्र!

मी नोकरी मागायला गेले तेव्हा एम. ए. होऊन घरात बसून होते. आई रोज एक स्थळ आणायची आणि मी रोज एक खोड काढायची. बाईंनी माझे कागद बघितलेच नाहीत. "तुला हे काम हवंय की घरात बसायचं नाहीये?" मला राग आला. मी फणकाऱ्याने म्हटलं, "घरात बसायचं नाहीये." "अगदी छान. सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या. "धाकानं आलीयस. ओढ लागते का ते बघू."

लागली. अशी लागली, की रविवार नकोसा व्हायला लागला.

बाईंचा छापील प्रश्नावल्यांवर विश्वास अर्धाच. कागदावर माणूस शहाण्यासारखं लिहितो, त्या म्हणायच्या, खरं पाहायचं तर त्याला खेळायला लावा. म्हणून त्यांनी पोळपाटाच्या मधोमध एक लाटणं उभं ठोकून घेतलं होतं आणि एका कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून पाइपाला बसवायच्या रबरी रिंगा आणल्या होत्या. आलेल्या माणसाच्या हातात रिंगा द्यायच्या आणि सांगायचं, "लाटण्यावर टाका. पाहिजे तिथून टाका." बस. जवळून टाका, लांबून टाका, कुणी काही बोलणार नाही.

रिंग पडते कुठे, याकडे बाईंचं लक्षच नसायचं. पहिल्या दिवशी मी कौतुकाने रिंगा बघत होते, तर माझ्या दंडाला चिमटा काढला. "तिकडे काय बघतेस? पाय बघ."

काही जण लाटण्याला पाय टेकतील इतके जवळ उभे राहायचे. त्यांना चुकायची भीती. काही पार दारापर्यंत मागे जायचे आणि तिथून भिरकावायचे. त्यांना वाटायचं आपण शूर दिसतो. बाई म्हणायच्या, यांनाही चुकायचीच भीती, कारण एवढ्या लांबून चुकलं तर कोण हसणार आहे? आणि क्वचित कुणीतरी मधे उभं राहायचं, लागेल की नाही सांगता येत नाही अशा जागी. तिथे उभं राहणाऱ्याला खेळायचं असतं. ती ओढ.

करंजाड्याहून एक कुटुंब आलं होतं. वडील मोठ्या कंपनीत, मुलाला इंजिनिअर करायचं ठरलेलं, फक्त शिक्का हवा होता. मुलगा लाटण्याला चिकटून उभा राहिला आणि एक एक रिंग हळूच वरून सोडली. वडील चिडले. "अरे, जरा मागे हो! हे काय बायकी खेळणं?" बाईंनी रिंगा गोळा करून वडिलांच्या हातात दिल्या. "तुम्ही दाखवा ना." ते थेट जिन्याच्या दारात गेले, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि एकही रिंग लागली नाही. "एवढ्या लांबून कशी लागणार?" असं तेच म्हणाले.

आई बिचारी तिघांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत कोपऱ्यात बसली होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही या." "मी कशाला? चाचणी मुलाची आहे." "या हो." ती उठली, पदर खोचला आणि बरोबर मधे जाऊन उभी राहिली. पहिली रिंग गेली, दुसरी गेली, तिसरी लाटण्याला घासून पडली. "अय्या! थोडक्यात गेली हो!" ती एवढ्या जोरात हसली की मुलगा आणि नवरा दोघेही तिच्याकडे बघतच राहिले. "परत टाकू?" तिने विचारलं. परत टाकल्या. परत परत टाकल्या. शेवटी नवरा घड्याळ दाखवायला लागला तेव्हा थांबली. मुलाचा अहवाल बाईंनी लिहिला, पण ते खाली उतरल्यावर खिडकीतून बघत म्हणाल्या, "त्या घरात ओढ आहे, पण ती बाटल्या सांभाळतेय."

मलाही टाकायला लावल्या होत्या त्यांनी. टाकायच्या नादात मी कुठे उभी राहिले ते माझ्या लक्षात नाही, आणि त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "मालिश करणाऱ्यानं आपली पाठ आपण चोळू नये."

केंद्राच्या मागच्या खोलीतच बाईंचं घर. घरात बाई आणि त्यांच्याकडे काम करणारी सुगंधा. सुगंधा नेऱ्याची. सकाळी यायची आणि बाईंना अखंड बडबडत संध्याकाळपर्यंत असायची. बाईंना जन्मभर प्रश्नावल्या करून एक खोड जडली होती. कुणी काही विचारलं की उत्तर मापनीवरचं द्यायच्या. पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. याच्या बाहेर शब्द नाही.

"बाय, कालवण कसा झालाय?"

"सहमत."

"पूर्णपणे का नाय?"

"मीठ."

"मंग मीठ कमी हाय असा सांग ना! सहमत नि असहमत! जेवतेस का मतदान करतेस?"

बाई खाली मान घालून हसायच्या. त्या हसल्या की पुढच्या दोन दातांमधली फट दिसायची आणि एकदम शाळेतल्या मुलीसारख्या दिसायच्या. मला ते हसणं फार आवडायचं. त्यांना हसवायला मी काहीबाही करायची, चाचांची नक्कल, करंजाड्याच्या साहेबांची नक्कल. आणि तरी त्यांचं हसू फार जपून वापरलेलं असायचं. याला कारण होतं. ते आता सांगते, कारण पुढे जे झालं ते सगळं त्यावरच आहे.

बाईंना मराठीत आपली स्वतःची मापनी करायची होती. सगळ्या प्रकारच्या माणसांना लागू पडेल अशी. म्हणून आम्ही तळोज्याच्या शिफ्ट सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहायचो, भाजीवाल्यांना गाठायचो. एकदा नेऱ्याच्या पुढे डोंगराखालच्या वाडीतल्या बाया वीटभट्टीवर काम करत होत्या, तिथे गेलो. दुपारच्या सुट्टीत त्या झाडाखाली बसल्या होत्या. बाई एक एक वाक्य वाचायच्या आणि एकेकीने सांगायचं, पटतं की नाही पटतं. "काम नीट जमलं की मला बरं वाटतं." "कुणी नावं ठेवू नयेत म्हणून मी काम करते." पहिलीने विचार करून सांगितलं, "पयलं नाय. दुसरं होय." बाईंना आनंद झाला. वाक्य नेमकं लागलं होतं. त्या हसल्या, दातांची फट दाखवून, अगदी मनापासून.

त्यानंतर एकजात सगळ्यांनी दुसऱ्याला होय म्हटलं. तिसऱ्याला होय, चौथ्याला होय. बाईंच्या तोंडाकडे बघत होय. भराभर काम झालं. मी खूश. परतताना रिक्षात बाई लिहून घेतलेली उत्तरं परत वाचत होत्या. नेऱ्याचा नाका आल्यावर म्हणाल्या, "सगळं रद्द."

"का? एवढी छान उत्तरं मिळाली."

"त्या उत्तरं देत नव्हत्या गं. मला खूश करत होत्या. आणि का करू नये त्यांनी? ठेकेदाराचं तोंड बघून होय म्हणण्यावर ज्यांची चूल पेटते, त्या माझं तोंड बघणारच. तोंड माझं चुकलं."

त्या दिवसापासून बाईंनी तोंड मिटलं. आणि माझंही मिटवलं. चाचणी घेताना भुवई हलता कामा नये, मान डोलता कामा नये, "हं" सुद्धा एकाच सुरात. आपल्याला काय हवंय हे समोरच्याला कळलं की त्याचं उत्तर मेलं, मग तो आपल्यासाठी बोलतो, आणि आपली इच्छा म्हणजे त्याला धाक. आम्ही रोज सराव करायचो. बाई समोर बसून मला काहीही सांगायच्या, "तू साडी उलटी नेसलीयस," "तुझी आई तुझ्यासाठी तबलेवाला बघतेय," आणि मी ओठसुद्धा हलवायचा नाही. मग मी त्यांना. सुगंधा चहा घेऊन यायची आणि दारातच थांबायची. "काय गो, कुनी मेला काय? दोगी मढ्यावानी बसल्याव!" तिथे आमचं हसू फुटायचं आणि सराव बोंबलायचा.

पण बाईंनी ते तोंड घरीही आणलं. कुणी आयुष्याचं काही विचारलं, की आला तो चेहरा, कोरा, पुसल्या पाटीसारखा. भाच्याने विचारलं, परदेशात जाऊ का. कोरा चेहरा. सुगंधाने विचारलं, पोरीला शिकवू की लग्न लावून देऊ. कोरा चेहरा. सुगंधा वैतागून म्हणाली, "हिला विचारन्यापक्षी भिंतीला विचारलेला बरा." पोरीला मात्र शिकवलं तिने, आणि बाईंनी गुपचूप गणित घेतलं त्या पोरीचं, पण तोंडाने एक शब्द काढला नाही.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मापनी निम्मी झाली होती. आणि मला पुण्याहून बोलावणं आलं. मोठी कंपनी, माणसं निवडायच्या चाचण्या करणारी. घरी आईने देवापुढे साखर ठेवली.

मला जायचं नव्हतं. स्पष्टच सांगते, म्हणजे नंतर घोळ नको. बाईंनी मला जाऊ नको म्हणावं, एवढंच मला हवं होतं. एकदा म्हटलं असतं, तरी मी पुण्याला नाही कळवून मोकळी झाले असते. मला बाईंची सवय झाली होती, गिरणीच्या घरघरीची, त्या रिंगांची, सुगंधाच्या शिव्यांची. आईवर जीव असतोच माणसाचा, तो काही आपण निवडलेला नसतो. बाईंवरचा माझा मी जडवून घेतला होता. आणि त्यांनाही मी हवी आहे का, हे मला ऐकायचं होतं. कुणालाही ऐकावंसं वाटेल.

दुपारची वेळ होती. मी कागद टेबलावर ठेवला. "पुण्याहून आलाय."

बाईंनी वाचला. चष्मा काढून ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं ते त्या चेहऱ्याने. कोऱ्या.

"तुला काय वाटतं?"

मी त्यांचीच शिष्या. मला वाटलं, आधी आपण आपलं दाखवलं, तर त्या दयेने राहा म्हणतील, मग ते खरं कशावरून? म्हणून मीही तसाच चेहरा केला. "कसंही चालेल," मी म्हटलं.

"जायचं ठरलं तर कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि नाही ठरलं तर?"

"तर नाही."

खाली गिरणी चालू होती. पेन्सिल टेबलावरून घरंगळत कडेला आली, ती दोघींनीही धरली नाही. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी विचारलं, "तुमचं काय मत आहे, बाई?"

"माझ्या मताचा इथे संबंध नाही," बाई म्हणाल्या. एका सुरात. भुवईसुद्धा हलली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिना उतरताना मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढी वर्षं राबले, आणि मताचा संबंध नाही! दगड आहे ही बाई, नुसता दगड! त्याच रागात मी पुण्याला होकार कळवला. आज वाटतं, त्या दुपारी आम्ही दोघीही चाचणी घ्यायला बसलो होतो आणि द्यायला कुणीच बसलं नव्हतं.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर सुगंधा आली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी फडक्यात बांधून आणली होती. बाई आल्या नाहीत, त्यांच्याकडे एक मुलगा चाचणीला बसला होता. सुगंधा माझ्या हातात फडकं कोंबून म्हणाली, "तू गेल्याव मी कुनाशी बोलू? ही काय, सहमत नि असहमत." आणि डोळे पुसत गेली.

पुण्यात सगळं झालं. नोकरी झाली, लग्न झालं, मुलगी झाली. लग्नाला बाई आल्या होत्या. त्या स्टेजवर आल्या तेव्हा मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, काहीतरी विचारतील, घाबरू नकोस. पण बाईंनी त्याला काहीच विचारलं नाही. माझा हात मात्र बराच वेळ धरून ठेवला. मागे रांग तुंबली, फोटोवाला "मॅडम, मॅडम" करायला लागला, तरी सोडला नाही. चेहरा तोच.

महिन्यातून एकदोनदा फोन व्हायचा. "काम कसंय?" "सहमत," मी म्हणायची, आणि तिकडून हसू ऐकू यायचं. मग गिरणीची घरघर फोनमधून ऐकू यायची. मी फोन कानाशी घट्ट धरून बसायची, वाटायचं, आत्ता म्हणतील, ये गं, करमत नाही. एकदा तरी म्हणतील. "बरं, ठेवते," बाई म्हणायच्या.

ऑफिसात मी रोज माणसं मोजायची. झटपट, यंत्रावर, कुणाचे पाय न बघता. सगळं अचूक यायचं. आणि दुपारी डबा उघडला की वाटायचं, कुणीतरी समोर येऊन विचारावं, जेवतेयस ती ओढीनं की धाकानं. नुसतं विचारावं. पुण्यात मला तसं कुणीही विचारलं नाही. लोक चांगले होते, पण विचारत नव्हते.

मग एका सकाळी सुगंधाचा फोन आला. "बायच्या अंगावरना वारा गेला. डावी बाजू गेली. हॉस्पिटलातना घरी आणलीय. तू ये."

मी तशीच निघाले. दुपारी पोचले. संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट काढूनच आले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाचं काम होतं. दारात सुगंधाला तेच सांगितलं, "बघून जाते गं, संध्याकाळी निघायचंय." माझा आवाज आत गेला असणार, घर ते केवढं!

सुगंधाने मला बाजूला घेतलं. "आयक. आता बाय कवापन रडते, कवापन हसते. तिच्या हातात नाय ऱ्हायला. डॉक्टर बोलला, या दुखन्यात व्हतं तसा. घाबरू नको." आणि ती पीठ मळायला आत गेली.

बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. केस पांढरेशुभ्र झालेले, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा सुटला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलेला चेहरा त्यांच्या हातून सुटला. ओठ एका बाजूने थरथरले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, त्यातच हसू आलं, दातांची ती फट दिसली, परत रडू आलं. बाई भयंकर ओशाळल्या. उजव्या हाताने पदर ओढून त्यांनी सगळं तोंड झाकून घेतलं.

"बघू नको," पदराआडून आवाज आला. शब्द जड झाले होते, पण कळत होते.

"का, बाई?"

"तू जायचं ठरवून आलीयस. माझं तोंड बघशील… तर बदलशील."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. कोरं राहायची विद्या मीही शिकले होते, ती त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. "बदलू दे की, बाई," मी म्हटलं. "बदलू दे. मला तेव्हाही जायचं नव्हतं. तुम्ही म्हणाल म्हणून वाट बघत बसले होते."

पदर तसाच राहिला. मग हळूच खाली आला. त्या चेहऱ्यावर सगळं होतं. मी गेले ते होतं, त्या दुपारी खुर्ची रिकामी राहिली ते होतं, फोन ठेवल्यावर एकट्या बसून राहिल्या ते होतं. काहीच लपलेलं नव्हतं. आणि मला कळलं, त्या दुपारीही हे सगळं इथेच होतं, चार बोटांवर, आत दाबून धरलेलं. मी डोळे भरून बघितलं. बाईंनी बघू दिलं.

"जाऊ नको," बाई म्हणाल्या.

दुखण्याने त्यांना आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. हळू म्हणायला गेल्या आणि ओरडल्या. खाली गिरणीत ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्यांदा.

सुगंधा पिठाच्या हातांनी धावत आली. "काय झाला? काय झाला गो बायला?"

"काही नाही," मी म्हटलं. "बाई मला राहा म्हणतायत."

सुगंधाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे बघितलं.

"मंग ऱ्हा ना," ती म्हणाली. "कवाची वाट बघतेय ती."